बारावा गडी आणि लाकडांचा डोंगर

मुंबईत ‘बारावा गडी’ म्हटलं की आझाद मैदानाच्या कडेला पांढऱ्या कपड्यांत बसलेला, ड्रिंक्सच्या वेळी बाटल्या घेऊन आत धावणारा पोरगा डोळ्यांसमोर येतो. टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशन या गावात हेच दोन शब्द एक लाखाहून जास्त माणसं बसतील अशा स्टेडियमवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत. तिथे बारावा गडी म्हणजे विद्यार्थी. एकूण एक विद्यार्थी.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठ आपल्याकडे इंजिनियरिंगसाठी माहीत आहे. दादर, ठाणे, डोंबिवलीच्या घरांतून एमएसला जाणारी मुलं तिथे दरवर्षी पोचतात. ऑगस्टमध्ये पोचली की सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी रूममेट ओढत फुटबॉलला नेतो आणि मग घरी फोन येतो, ‘इथे चार तास कुणी खालीच बसत नाही.’ ते का बसत नाहीत, मध्यरात्री ओरडायला का जमतात, आणि ज्या होळीसारख्या आगीबद्दल तिथली जुनी माणसं आवाज खाली करून बोलतात ती काय होती, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. शेवटचा विषय तर थर लावणाऱ्या शहराने बारकाईनेच वाचायला हवा.

आधी खेळाचं एवढंच. हा अमेरिकन फुटबॉल. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू, मैदान १०० यार्डांचं, आणि चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. दर प्रयत्नाआधी क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा मुख्य खेळाडू, तोंडी इशारे देतो. आवाजाचा सगळा खेळ इथेच आहे. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक बोलत असताना लाखभर लोक ओरडले की त्याच्याच माणसांना इशारा ऐकू येत नाही, कुणीतरी आधीच हलतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. म्हणून जाणता प्रेक्षक प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असताना घसा फोडतो आणि आपल्याकडे चेंडू आला की गप्प होतो. नवखी मुलं नेमकं उलटं करतात, आपला संघ पुढे सरकताना आरडाओरडा, आणि मग मागच्या रांगेतून खांद्यावर हात पडतो.

कॉलेज १८७६ चं, शेती आणि यंत्रशिक्षणासाठी सरकारने काढलेलं. सुरुवातीला फक्त मुलगे, आणि सगळ्यांना लष्करी कवायत सक्तीची. ही सक्ती १९६५ पर्यंत होती. मुलींना प्रवेश १९६३ पासून, तोही आधी मर्यादित. विद्यार्थ्यांना ‘अ‍ॅगी’ म्हणतात, शेतकी कॉलेजवाले अशा अर्थाने. त्यांच्या फुटबॉलच्या जवळजवळ प्रत्येक रिवाजात बराकीचा वास येतो तो या कवायतीमुळे. रांग, हुकूम, वरच्या वर्गाचा मान, खालच्या वर्गाचं काम. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

फुटबॉलचा संघ १८९४ मध्ये उभा राहिला. मैदानाची गोष्ट मला विशेष आवडते. एडविन काइल हे तिथले फळबागशास्त्राचे प्राध्यापक. खेळाला जागा द्यायला कॉलेज तयार नव्हतं. काइलनी आपल्या विभागाला शेतीच्या कामासाठी मिळालेल्या जमिनीचा एक तुकडा कुंपण घालून वेगळा काढला, स्वतःच्या खिशातले ६५० डॉलर घातले, शेजारच्या ब्रायन गावातल्या जत्रेच्या मैदानावरचं छपराचं प्रेक्षागृह विकत आणलं आणि लाकडी बाकं जोडून ५०० माणसांची सोय केली. साल १९०४. आज त्याच जागेवरच्या काइल फील्डमध्ये १,०२,७३३ माणसं बसतात. म्हणजे बसायची सोय आहे.

उभं राहण्याचं कारण २ जानेवारी १९२२ चं. डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्ध सामना होता. सेंटरने त्याच मोसमात हार्वर्डला हरवलेलं, त्यांचा दबदबा मोठा. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होऊन बाहेर यायला लागले आणि राखीव बाक रिकामा व्हायला लागला. ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी वर पत्रकारांच्या कक्षात बसून कुठला खेळाडू कोण हे ओळखून सांगत होता. तो मोसमात आधी फुटबॉल संघात होता, पण बास्केटबॉलसाठी बाहेर पडला होता. प्रशिक्षक डॅना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. प्रेक्षागृहाच्या खाली एका जखमी खेळाडूशी कपड्यांची अदलाबदल करून गिल कडेला येऊन उभा राहिला आणि सामना संपेपर्यंत उभाच राहिला. ए अँड एम २२–१४ ने जिंकलं. गिलला मैदानात उतरावं लागलंच नाही.

या शेवटच्या वाक्यावर त्यांची सगळी परंपरा उभी आहे. त्याने एक धावही केली नाही, कुणाला धरून पाडलं (टॅकल) नाही; तो तयार होता, बस. तेव्हापासूनचा अर्थ असा की संघाला गरज पडली तर मी आत यायला तयार आहे, हे दाखवायला विद्यार्थी उभा राहतो. १९८३ मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी हे शब्दशः घेतलं आणि किक-ऑफची, म्हणजे चेंडू लाथेने समोर उडवून खेळ सुरू करताना उतरणारी, पूर्ण तुकडी शिष्यवृत्ती नसलेल्या साध्या विद्यार्थ्यांमधून उभी केली. आता असा एकच विद्यार्थी निवडतात आणि त्याला १२ नंबरची जर्सी मिळते. विद्यापीठ या शब्दांबद्दल किती हळवं आहे ते पाहायचं तर ‘ट्वेल्थ मॅन’ त्यांनी १९९० मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवला, आणि पुढे सिअॅटलच्या व्यावसायिक संघाने तेच शब्द वापरल्यावर २००६ मध्ये कोर्टात गेले. मग परवान्यावर तडजोड झाली.

जाणाऱ्या मुलांसाठी व्यवहाराची गोष्ट. उभं राहणं साडेतीन ते चार तासांचं असतं आणि सप्टेंबरमधलं टेक्सस म्हणजे आपला ऑक्टोबरचा उकाडा, वर सावली नाही. नव्या बुटांत जाऊ नये. गुडघे ताठ लॉक करून उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि दुसऱ्या तासाला चक्कर येते. संचलनात मुलं पडतात ती याच कारणाने. गुडघे किंचित सैल, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, आणि पाणी तहान लागायच्या आधीपासून. बसायची वेळ म्हणजे मध्यंतर, पण त्यात बँड असतो आणि तो पाहायचा असतो. तिकिटं वर्गाच्या ज्येष्ठतेने सुटतात, शेवटच्या वर्षाची मुलं आधी, पहिल्या वर्षाची सगळ्यात शेवटी. एमएसवाल्यांची गणती वरच्या वर्गात होते, त्यामुळे नुकत्याच पोचलेल्या आपल्या मुलालाही चांगली जागा मिळू शकते. मुंबईतून पाहायचं तर दुपारच्या आत सुरू होणारा, अकराचा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला लागतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग साडेदहाला. संध्याकाळी साडेसहाचा सामना म्हणजे आपली रविवारची पहाट.

आता ओरडणं. ए अँड एममध्ये चीअरलीडर नाहीत. पाच ‘येल लीडर’ असतात, तीन शेवटच्या वर्षाचे आणि दोन त्याच्या खालच्या, विद्यार्थ्यांच्या मतदानाने निवडलेले, अंगावर पांढरे कपडे. ते तोंडाने फारसं काही सांगतच नाहीत. लाखाच्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार? ते हाताने खूण करतात. पुढची रांग ती खूण बघून तशीच हात वर करून मागे दाखवते, मागची तिच्या मागे, आणि काही सेकंदांत खूण तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. याला ते ‘पास बॅक’ म्हणतात. यात एक दुवा निसटला, एक जण फोनमध्ये गुंतला, की त्याच्या मागचा आख्खा पट्टा चुकतो. म्हणून नवीन माणसाने मैदानाकडे एक डोळा आणि पुढच्याच्या हाताकडे एक डोळा ठेवायचा.

खूण पोचली की सगळे एकदम कमरेत वाकतात, तळहात गुडघ्यांच्या थोडे वर टेकवतात, मान पुढे, आणि त्या स्थितीत ओरडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण त्यात शरीराची समज आहे. हातांवर भार गेला की खांदे आणि मान सैल राहतात, पोट मोकळं होतं, आवाज छातीतून-पोटातून येतो, नुसता घशातून ओढला जात नाही. आपल्याकडचा चांगला पोवाडा गाणारा किंवा ढोलताशा पथकाचा म्होरक्या हेच सांगेल. सरळ उभं राहून, हनुवटी वर करून किंचाळणाऱ्याचा आवाज दुसऱ्या सत्रापर्यंत बसतो. आणखी एक नियम: ‘व्हूप’ ही आरोळी वरच्या दोन वर्गांनीच द्यायची. पहिल्या वर्षाच्या मुलाने ती दिली तर वरचे लगेच सुनावतात.

या सगळ्याचा सराव घरच्या सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता, खुद्द काइल फील्डवर. ‘मिडनाइट येल’. १९३१ मध्ये वायएमसीएच्या इमारतीच्या पायऱ्यांवर मध्यरात्री मुलं जमली तिथून हे सुरू झालं. आता हजारो येतात, घरचे लोक लहान मुलांना खांद्यावर घेऊन येतात. बँड वाजतो, येल लीडर प्रतिस्पर्ध्याला कसं हरवलं जाणार याच्या लांबलचक कहाण्या रचून सांगतात, आणि शेवटी दिवे जातात. काळोखात जोडीदाराचा मुका घ्यायचा. ज्याच्याबरोबर कुणी नाही त्याने लायटर पेटवून वर धरायचा, म्हणजे दुसऱ्या लायटरवालीला दिसेल. जिंकलेल्या घरच्या सामन्यानंतर पहिल्या वर्षाचे कॅडेट (सक्ती गेली तरी कवायतीची तुकडी आहेच, तिच्यातली मुलं) येल लीडरांना पाठलाग करून पकडतात आणि कारंज्याच्या हौदात टाकतात. हरलं तर गर्दी पांगत नाही, तिथेच थांबून पुढच्या सामन्याच्या आरोळ्यांचा छोटा सराव होतो. मला विचाराल तर जिंकल्यावरच्या हौदापेक्षा हरल्यावरचा हा अर्धा तास मोठा आहे.

बाकीचे रिवाज थोडक्यात सांगतो. बँडचे सगळे वादक कवायतीच्या तुकडीतलेच, त्यामुळे त्यांची चाल नाच न होता संचलन राहते. चार दिशांनी आलेल्या रांगा एकमेकींतून आरपार जातात तो क्षण चुकवू नये. विद्यापीठाचं युद्धगीत १९१८ मध्ये पिंकी विल्सन या माजी विद्यार्थी-सैनिकाने जर्मनीत ऱ्हाईनकाठी पहाऱ्यावर असताना लिहिलं. त्याच्या शेवटी सगळे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, एकाआड एक रांग उलट दिशेने, डावी-उजवीकडे झुलतात. वरच्या मजल्यावर उभं असलेल्याला पायाखालचं काँक्रीट हलल्याचं जाणवतं. घाबरू नका. रेव्हिली ही कॉली जातीची कुत्री म्हणजे संघाचं दैवतच. पहिली १९३१ मध्ये कॅडेटांच्या गाडीखाली सापडलेली भटकी कुत्री होती, त्यांनी तिला उचलून बराकीत आणलं, सकाळच्या बिगुलावर भुंकली म्हणून बिगुलाच्या त्या सुराचंच नाव तिला पडलं. ती कॅडेटांमध्ये सगळ्यात वरच्या हुद्द्याची. वर्गात भुंकली तर तास सुटावा असा रिवाज. गेलेल्या सगळ्या रेव्हिली स्टेडियमच्या उत्तर टोकाला पुरलेल्या आहेत, तोंड धावफलकाच्या दिशेने. स्टेडियम वाढवताना धावफलक त्यांच्या नजरेआड जाणार झाला तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा छोटा फलक बसवला.

मैदानावरची कामगिरी? १९१९ च्या संघाने मोसमभर एकही गुण दिला नाही, एकूण २७५–०. १९३९ चा संघ सगळे ११ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला, शेवटचा टुलेनविरुद्ध १४–१३. १९५४ मध्ये बेअर ब्रायंट प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी संघाला जंक्शन नावाच्या उजाड, दुष्काळी गावात दहा दिवसांच्या शिबिराला नेलं. कडक ऊन, आणि सरावात पाणी बंद. रात्री-अपरात्री मुलं पळून गेली. शंभराच्या आसपास गेलेली, परतली पस्तीसच्या आसपास. याला पोलादी शिस्तीची कथा म्हणून सांगतात. उन्हात पाणी तोडणं ही शिस्त नव्हे; शरीर घाम गाळून थंड होतं, पाणी थांबलं की घाम थांबतो आणि आतलं तापमान चढतं, उष्माघात होतो, आणि तिथे एक खेळाडू मरता मरता वाचला. त्या मोसमात संघ दहापैकी नऊ सामने हरला. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच गटातल्या मुलांनी विभागीय विजेतेपद मिळवलं, पण त्याचं श्रेय कोरड्या घशाला देऊ नये.

आणि आता बॉनफायर.

ए अँड एमचा हाडवैरी म्हणजे ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ, नारिंगी रंगाचं. पहिला सामना १८९४ चा, पुढे तो थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणाच्या सुमाराला ठरलेला. या सामन्याच्या आधी मोठी आग पेटवायची. पहिली १९०७ ची, आणि सुरुवातीला तिच्यात काय वाट्टेल ते पडायचं: खोकी, मोडकं सामान, मिळेल ते लाकूड. गिरगावात, परळला, लालबागला होळीच्या आधीच्या आठवड्यात पोरं चाळीतलं मोडकं दार, कुणाच्या गॅलरीतली खुर्ची पळवायची ना, अगदी तसंच. १९३५ मध्ये मात्र हद्द झाली. एका शेतकऱ्याने तक्रार केली की पोरांनी त्याचं आख्खं लाकडी कोठार उचलून नेलं. विद्यापीठाने दुसऱ्या वर्षापासून हे काम आपल्या छत्राखाली घेतलं, कुऱ्हाडी, करवती आणि ट्रक दिले, आणि गावाबाहेरच्या वठलेल्या झाडांकडे बोट दाखवलं. पुढे पूर्ण रचना ओंडक्यांचीच व्हायला लागली.

काम असं चालायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मुलं शनिवार-रविवारी रानात जाऊन कुऱ्हाडीने झाडं पाडायची, ओंडके खांद्यांवरून बाहेर आणायची. कोकणात शिमग्याचा माड किंवा पोफळ तोडून वाजतगाजत खांद्यावरून आणतात, ती दृश्यं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं समजवायला नको. मध्ये एक मोठा खांब, दोन विजेचे खांब एकमेकांना जोडून केलेला, जमिनीत रोवायचा. त्याच्याभोवती ओंडके उभे लावायचे आणि तारेने बांधत जायचं. वरची मुलं दोरावर झुल्यासारख्या फळीवर बसून तार आवळायची. शेवटच्या दिवसांत काम रात्रंदिवस पाळ्यांत. डोक्यावरच्या हेल्मेटला ‘पॉट’ म्हणायचे आणि रंगावरून हुद्दा कळायचा. सगळ्यात वर लाल पॉटवाले शेवटच्या वर्षाचे, सगळं ज्ञान त्यांच्या डोक्यात. टोकावर नारिंगी रंगाची एक लाकडी शौचकूप-खोली ठेवायची, वैऱ्याच्या नावाने. पेटवल्यावर मधला खांब मध्यरात्रीपर्यंत उभा राहिला तर सामना आपला, असा समज.

उंची वाढत गेली. १९६९ ची रचना १०९ फूट १० इंच झाली, म्हणजे आपल्याकडची दहा-अकरा मजली इमारत. मग विद्यापीठाने ५५ फुटांची मर्यादा घातली. पूर्वी आकार तंबूसारखा असायचा, ओंडके तिरके मधल्या खांबावर टेकलेले. पुढे थरांची रचना आली, लग्नाच्या केकसारखी: खाली रुंद थर, त्याच्यावर उभ्या ओंडक्यांचा दुसरा थोडा अरुंद, मग तिसरा. हा बदल नजरेला छोटा वाटतो, पण भाराचा मार्ग त्याने पुरता बदलला. तंबूत प्रत्येक ओंडका आपलं वजन स्वतः जमिनीवर टाकतो. थरांत दुसऱ्या मजल्याचा ओंडका खालच्या ओंडक्यांच्या डोक्यांवर उभा असतो.

१८ नोव्हेंबर १९९९, पहाटेचे २ वाजून ४२ मिनिटं. सुमारे ५,००० ओंडक्यांची, ५९ फुटांची रचना कोसळली. तेव्हा तिच्यावर ५८ जण काम करत होते. १२ गेले, २७ जखमी झाले. ढिगाऱ्यावर यंत्र चढवलं तर उरलेलं घसरेल, म्हणून बहुतेक ओंडके हातांनी उचलले. विद्यापीठाचा फुटबॉल संघ सराव सोडून तिथे आला आणि ओंडके वाहायला लागला. बचावकाम २४ तासांहून जास्त चाललं.

चौकशी आयोगाने मे २००० मध्ये अहवाल दिला. त्यातलं तांत्रिक कारण समजायला इंजिनियर असायची गरज नाही. सरपणाची मोळी घ्या. तीस-चाळीस काटक्या, मध्ये एक काथ्याची दोरी. आता त्या काटक्यांच्या मधोमध, वरून, आणखी एक जाड काटकी ठोकून घुसवा. ती जागा कशी करून घेणार? आजूबाजूच्यांना बाहेर ढकलून. दोरी ताणली जाते. दुसरी पाचर मारा, तिसरी मारा. काटक्यांना काही होत नाही, लाकूड दाबाला मजबूत असतं. तुटते ती दोरी, आणि ती तुटते त्या क्षणी मोळी एकाच बाजूला फुटते. बॉनफायरचं नेमकं हेच झालं. दुसऱ्या थराचे ओंडके पहिल्या थराच्या फटींमध्ये जोर लावून पाचरीसारखे बसवले होते. त्यामुळे पहिला थर आतून बाहेर रेटला जात होता. त्याला आवळून धरणारी तार त्या रेट्याला पुरेशी नव्हती. आणि आधीच्या वर्षांत पहिल्या थराभोवती पोलादी दोर गुंडाळत असत, लाकडी पिंपाला लोखंडी कडं घालावं तसे. १९९९ मध्ये ते दोर नव्हते.

मला या अहवालातला सगळ्यात जड भाग वेगळाच वाटतो. बॉनफायरचा लेखी आराखडा नव्हता. इंजिनियरिंगसाठी नावाजलेल्या विद्यापीठात, हजारो ओंडक्यांची रचना दरवर्षी लाल पॉटवाल्यांच्या तोंडी सांगण्यावर उभी राहत होती, आणि ते लाल पॉटवाले दरवर्षी पदवी घेऊन निघून जात होते. पोलादी दोर का गुंडाळायचा हे ज्याला ठाऊक होतं तो गेला की पुढच्याला तो दोर म्हणजे नुसती कटकट वाटू शकते. कुणी एकाने मोठी चूक केली नाही. थोडी पाचर जास्त, थोडं बांधणं कमी. आणि मागच्या वर्षी उभी राहिली होती, म्हणजे यंदाही राहील हा हिशोब. १९९४ मध्येही भिजलेल्या जमिनीत रचना कलली होती. ती उतरवून पुन्हा बांधली, आणि त्या वर्षी पुन्हा उभी राहिली याचं कौतुक झालं, का कलली याची वही कुणी केली नाही.

गोविंदा पथकांनी हे वाचावं असं वाटतं ते यासाठी. आपल्याकडे २०१२ मध्ये नऊ थरांनी ४३ फुटांच्या पुढे मजल मारली, २०२५ मध्ये ठाण्यात दहा थर लागले. मधल्या काळात २०१४ मध्ये हायकोर्टाने २० फुटांची मर्यादा घातली, २०१७ मध्ये ती उठली आणि १४ वर्षांची वयाची अट राहिली. भांडण सगळं उंचीच्या आकड्यावर झालं. टेक्ससमध्येही आकडा होता, ५५ फूट, आणि रचना त्याच्या जेमतेम चार फूट वर होती. पडली ती खालच्या थराला आवळणाऱ्या तारेमुळे. चांगल्या पथकाचा प्रशिक्षक आधी खालचा घेर पाहतो, बाहेरून दाब देणारी माणसं पुरेशी आहेत का, खांद्याला खांदा भिडलाय का, आणि मगच वर एक्के चढवायला सांगतो. ते त्याला येतं, पण त्याच्याच डोक्यात असतं. त्याने ते एका वहीत उतरवावं: कुठल्या थराला किती माणसं, कुणाचं वजन किती, सरावात कुठे थर बसला आणि त्या वेळी खाली काय बदललेलं होतं. शंभर पानी वही पुरते.

अपघातानंतर आठवड्याने, २५ नोव्हेंबरला, ज्या रात्री आग पेटायची त्या रात्री हजारो लोक त्या जागेवर मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी काइल फील्डवर सामना झाला. मध्यंतरात टेक्ससच्या बँडने अंत्यसमयाची धून वाजवली आणि टोप्या उतरवल्या. हाडवैऱ्याने. ए अँड एम २०–१६ ने जिंकलं.

विद्यापीठाच्या आवारात बॉनफायर पुन्हा झाली नाही. २००२ पासून विद्यार्थी आवाराबाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर ती करतात, आणि रचना बदलली आहे. मधल्या खांबाभोवती चार आधाराचे खांब असतात आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ओंडका जमिनीला टेकतो. कुणाच्या डोक्यावर कुणी उभा नाही. दिसायला थर दिसतात, ते ओंडके कमी-जास्त लांबीचे असल्यामुळे.

सामनाही मध्ये थांबला होता. ए अँड एम २०१२ मध्ये दुसऱ्या लीगमध्ये गेलं आणि २०११ नंतर १३ वर्षं दोघे समोरासमोर आलेच नाहीत. ३० नोव्हेंबर २०२४ ला काइल फील्डवर पुन्हा खेळले. आपल्याकडे १ डिसेंबरची सकाळ होती. टेक्सस १७–७ ने जिंकलं.

जुन्या जागेवर आता स्मारक आहे. १७० फुटांचं दगडी वर्तुळ, त्यात १२ दारं, प्रत्येक दार त्या त्या मुलाच्या गावाच्या दिशेला तोंड करून. दारांच्या मधल्या २७ दगडांचा अर्थ जखमी. दुरून आलेल्या रस्त्यात वर्षांचे दगड ओळीने आहेत, आणि १९६३ ला खंड आहे, कारण त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली म्हणून रचलेली लाकडं न पेटवता उतरवली होती. तिथे गेलात तर टोपी काढा आणि एका दारात उभं राहून ज्या दिशेला ते उघडतं तिकडे बघा.

दरवर्षी १८ नोव्हेंबरला पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी तिथे लोक जमतात आणि बारा नावं पुकारली जातात. अ‍ॅगींचा हजेरीचा रिवाज जुना आहे: जो उरला नाही त्याचं नाव घेतलं की जमलेल्यांनी त्याच्या वतीने ‘हिअर’ म्हणायचं, हजर. त्या वेळी मुंबईत दुपारचे २ वाजून १२ मिनिटं झालेली असतात.